क्लब हजर हाय

खोली भाड्याने देणारे लोक काय काय विचारतात ते मला पाठ होतं. मांसमच्छी चालते का, गावाकडे कोण असतं, लग्नाचं बघताहेत का. बदलीची नोकरी असल्यामुळे अशा मुलाखती मी बऱ्याच दिल्या होत्या. पण पोलादपुरात ज्या घरी मी पुढे तीन वर्षं राहिले, तिथल्या घरमालकांनी मला दारातच वेगळा प्रश्न टाकला.

"मॅडम, मैदान मोजता येतं काय तुमाला?"

मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीला होते. शेतं मोजायची, गावठाण मोजायचं, भावाभावांच्या भांडणातले बांध मोजायचे. मैदानाने काय घोडं मारलं होतं? मी म्हणाले, "येतं."

"मग खोली तुमची."

"आणि भाडं?"

"ते आमची ही सांगेल," असं म्हणून ते आत गेले आणि कडा झिजलेली एक पुस्तिका घेऊन आले. त्यांच्यामागून काकू हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "पोरीला पाण्याची वेळ तरी सांगा. आल्या आल्या कलम नको."

घर गावाच्या बाहेर होतं, आंबेनळी घाटाचा रस्ता चढायला लागतो त्याच्या जरा अलीकडे. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आठवड्याभरात म्हणायला लागले. जन्मभर मुंबईत एका कारखान्यात फिटर होते आणि कारखान्याच्या संघात फुलबॅक. निवृत्त होऊन गावी आले ते येताना पेटीत चार फुटबॉल घेऊनच. ज्या तालुक्यात पोरगा चालायला लागला की हातात बॅट येते, नाहीतर मांडीवर थाप मारून कबड्डीत उतरतो, तिथे त्यांनी फुटबॉलचा क्लब काढला. आणि त्या क्लबला देशपातळीवरच्या खुल्या स्पर्धेत उतरवायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना आयुष्याकडून हवी होती. जिंकायचंही नव्हतं. स्पर्धेत उतरलेल्या संघांच्या यादीत आपल्या क्लबचं नाव बघायचं होतं.

आता 'खुली' म्हणजे कुणीही यावं अशी, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. आबा म्हणत, "दार सताड उघडं हाय गो बाय. उंबरा केवढा हाय तो मात्र आत पाय टाकताना समजतो."

तो उंबरा म्हणजे ती पुस्तिका. स्पर्धेची नियमावली, इंग्रजीत. तिच्या समासात निळ्या, काळ्या, हिरव्या शाईत मराठी अर्थ लिहिलेले होते आणि प्रत्येक शाई एकेका भाडेकरूची होती. कारण आबा भाडेकरू निवडत ते कलमाप्रमाणे. क्लब नोंदणीकृत हवा, त्याला घटना हवी, कार्यकारिणी हवी, असं कलम पहिल्यांदा समोर आलं त्या वर्षी खोली तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला मिळाली. त्याने घटना लिहून दिली. मग संघाबरोबर प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस हवा असं निघालं. कारकुनाची बदली होईपर्यंत आबांनी कसाबसा धीर धरला आणि ग्रामीण रुग्णालयातल्या एका नर्सताईंना खोली दिली. या ताईंना चेंडूची भयंकर धास्ती. सरावाच्या वेळी त्या मैदानाच्या कडेला छत्री उघडून, तिच्या आड बसत. कुणाचा पाय मुरगळला तर खेळाडूनेच लंगडत छत्रीपर्यंत जायचं. त्यांच्यानंतर हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे एक मास्तर आले, कारण आता पत्रव्यवहार सुरू झाला होता. मास्तर छान पत्रं लिहीत. उत्तरंही येत, अगदी सभ्य उत्तरं. प्रत्येक उत्तरात एक नवा कागद मागितलेला असे.

शेवटच्या उत्तरात मैदानाच्या मोजमापाचा दाखला मागितला होता. मास्तर गेले आणि मी आले.

आबांची एक सवय मला सुरुवातीला सहन होत नसे. ते स्वतःला 'क्लब' म्हणत. "क्लबला भूक लागली." "क्लब जरा महाडला जाऊन येतो." एकदा ताप आला तर म्हणाले, "आज क्लबचं अंग दुखतंय." ही खोड कुठून लागली ते काकूंनी सांगितलं. जिल्ह्याच्या संघटनेने एकदा सभेचं पत्र धाडलं होतं, 'सर्व क्लबांनी हजर राहावे.' दुसरं कुणी जायला नव्हतं. आबा दोन एसट्या बदलून एकटेच गेले. हजेरी घेणाऱ्याने क्लबचं नाव पुकारलं आणि आबा उभे राहून म्हणाले, "क्लब हजर हाय." सभागृहात हशा पिकला. आबा हसले नाहीत. त्यांना ते पटलं होतं.

काकू मात्र या नावाला दाद देत नसत. पडवीतून हाक आली, "क्लबला चहा पायजे," की आतून उत्तर, "क्लबला सांगा, आधण ठेव म्हणावं." असला टोमणा सोडला तर माझ्या देखत त्यांनी आबांना कधी क्लब म्हटलं नव्हतं. लग्न तुमच्याशी लावलंय, मंडळाशी नाही, असं त्या ऐकवत.

तर मैदान. पोलादपूरच्या त्या अंगाला सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरं. भात कापून झालं की आबा आपल्या चार खाचरांमधले बांध पाडत, जमीन चोपत आणि मे महिन्यात पुन्हा बांध घालत. दरवर्षी पाडायचे, दरवर्षी घालायचे. माझ्यासारखीला हे बघवत नव्हतं. ज्या बांधाच्या वीतभर सरकण्यावरून माणसं आमच्या ऑफिसात एकमेकांचे गळे धरतात, तो बांध हा मनुष्य कॉर्नर किकसाठी हसत हसत पाडत होता.

लांबी शंभर मीटर हवी होती. मी टेप धरली, दुसऱ्या टोकाला आबा. शहाण्णव भरली. पुन्हा धरली. शहाण्णवच. आबा टेपकडे बघत राहिले. टीममधला एक टेम्पोवाला होता, महाबळेश्वरच्या फेऱ्या मारायचा. तो म्हणाला, "आबा, कोण येतंय दिल्लीवरनं मोजायला? शंभर लिवा."

"ही मोजणीवाली बाय हाय, तिच्या तोंडावर बोलतोस?" आबा म्हणाले. "आनि क्लब खोटं लिवत नाय."

खरं सांगायचं तर मी शंभर लिहिलं असतं की नाही, याची मला आजही खात्री नाही. त्या वेळी त्यांचा चेहरा तसा झाला होता.

उरलेले चार मीटर होते चुलतभावाच्या, तात्यांच्या खाचरात. तात्यांशी आबांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण अर्थातच बांध. दोन दिवस आबा नुसते पडवीत येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाय, टेप घे," आणि तात्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

"तात्या, क्लब आला हाय."

तात्या दोर वळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "क्लबला म्हणावं, बस. तू आलायस काय?"

आबा बसले. "चार मीटर पायजेत. कापणी झाल्यापासून मेपर्यंत."

"कशाला?"

"कोपऱ्याचा झेंडा लावायला."

तात्यांनी दोराला दोन पीळ जास्तच दिले. मला वाटलं, आता जुनं सगळं बाहेर निघणार. पण ते म्हणाले, "झेंडा कोण लावणार?"

"तू लाव."

एवढंच बोलणं झालं. आत जाऊन तात्यांच्या सूनबाईने दोघांना पाणी आणून दिलं आणि नऊ वर्षांचं भांडण मिटलं. आमच्या ऑफिसात असं कधी मिटलेलं मी बघितलं नाही. पुढे दर रविवारी तात्या स्वतः झेंडा घेऊन येत आणि खेळ संपेपर्यंत काठीला हात लावून तिथेच उभे राहत. त्यांना बाजूला व्हायला सांगण्याची कुणाची छाती नव्हती. कॉर्नर घेणारा बिचारा त्यांना वळसा घालून चेंडू मारी.

दाखला मी अभिमानाने लिहिला. शंभर मीटर, आणि ते खरे होते.

मला वाटलं, माझं कलम संपलं. पण त्याच वर्षापासून सगळं ऑनलाइन झालं. पोर्टलवर क्लब, पोर्टलवर प्रशिक्षक, पोर्टलवर एकेक खेळाडू. कॉम्प्युटर येणारी भाडेकरू घरातच असल्यामुळे आबांनी मला सोडलं नाही. प्रशिक्षकाला परवाना हवा होता आणि परवानावाला भाडेकरू काही मिळेना, म्हणून ते स्वतःच शिबिराला गेले. सत्तरीला टेकलेला माणूस वीस-बावीस वर्षांच्या मुलांबरोबर शंकूंमधून धावला. पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला पास. ते प्रमाणपत्र देवांच्या फोटोंशेजारी टांगलेलं होतं आणि काकू देवांबरोबर त्याचीही धूळ पुसत. त्याबद्दल मात्र त्या कधी वाकडं बोलल्या नाहीत.

राहिले खेळाडू. निदान अठरा हवेत, प्रत्येकाची नोंदणी हवी आणि एका वेळी एकाच क्लबात. अठरा माणसं आमच्याकडे होती, पण एका जागी नव्हती. कुणी महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला, एक एसटीत मेकॅनिक, तो टेम्पोवाला, बाजारपेठेत वडापावची गाडी लावणारा एक, बुद्धवाडीतले दोघे भाऊ. ते भाऊ बॅक खेळायला उभे राहिले की चेंडूच काय, वारासुद्धा मागे जात नसे. बाकीचे निम्मे मुंबईला. सगळे एकदम गावात सापडणार ते दोनदाच, शिमग्याला आणि गणपतीला.

म्हणून आबांनी शिमगा साधला. पालखी घरोघर यायची होती. पालखी जिथे टेकते तिथल्याच चौथऱ्याशेजारी त्यांनी टेबल मांडलं, मला लॅपटॉप घेऊन बसवलं आणि भिंतीवर पांढरी चादर लावली. जो येईल त्याला सांगत, "पाया पड, नारळ ठेव, सही कर, आनि तिथं हुबा राहा." पोरं निमूट ऐकत होती. देवासमोर आबांना नाही म्हणायची सोय नव्हती. दिवसभरात अठराच्या अठरा सह्या झाल्या, अठरा फोटो काढले, मी तिथेच पोर्टलवर चढवले. आबा इतके खूश की ढोलाबरोबर दोन पावलं नाचले.

चार दिवसांनी सगळे अर्ज परत आले. कारण सगळ्यांचं एकच: चेहरा ओळखता येत नाही. मी फोटो उघडून बघितले आणि कपाळावर हात मारला. पालखी खेळवून आलेली पोरं ती. अठरा चेहरे गुलालाने माखलेले, नुसते डोळे आणि दात दिसताहेत. तिथे बसून मी एकेक फोटो काढला, चढवला आणि मला ते दिसलं नाही, कारण त्या दिवशी तिथे सगळेच तसे होते, मीसुद्धा. आबांना काही सांगायच्या आधी मला हसू आवरेना. ते रागावले नाहीत. फोटो बघत म्हणाले, "चेहरा वळकत नाय? हा बघ ना आमचा गोली. नुसत्या दातावरनं वळकेन मी."

हा गोली, म्हणजे आमचा गोलकीपर, वरच्या एका वाडीतला. वय सव्वीस. नवी मुंबईत गोदामात माल उतरवायचा, कंत्राटावर. शनिवारी सुट्टी मिळाली की रेल्वेने वीर स्टेशनला उतरायचा, तिथून महाडपर्यंत रिक्षा, महाडहून एसटी, आणि रविवारी सकाळी गोलच्या दांड्याखाली उभा. आबांनी त्याला शेणाच्या गोवऱ्या झेलायला लावून शिकवलं, असं गावात सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही, पण त्याच्या हातातून चेंडू निसटलेला मी फारसा बघितला नाही. आबा त्याच्याशी सगळ्यांत कमी बोलत. तो आला की काकूंना नुसतं सांगत, "भाकऱ्या वाढव," आणि मैदानाकडे जात.

गणपतीत पुन्हा फोटो काढले. या वेळी काकू ओला पंचा घेऊन टेबलाशेजारी उभ्या होत्या आणि प्रत्येकाचं तोंड पुसत होत्या. मग पोर्टलवर एकेका नावापुढे हिरवी खूण यायला लागली. आबा रोज सकाळी विचारत, "किती हिरव्या?" चौदा. पंधरा. भाताची कापणी सुरू झाली तेव्हा सतरा होत्या. स्पर्धेचा अर्ज बंद व्हायचा दिवस उजाडला आणि सकाळी दहाला टेम्पोवाल्याची खूण हिरवी झाली. अठरा.

मी अर्धा दिवस रजा टाकली. पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. जेवण करून पडवीच्या त्या कोपऱ्यात बसले जिथे रेंज येते. आबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी. शर्टाचं कारण मी विचारलं नाही. घटना चढवली, मैदानाचा दाखला चढवला, परवाना चढवला, मदतनीस म्हणून नर्सताईंनी दिलेलं जुनं पत्र चढवलं. शेवटचं बटण दाबायचं राहिलं, एवढ्यात पडद्यावर वर लाल ठिपका आला.

उघडून बघितलं. मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने आमच्या गोलीला मागितलं होतं. खाली दोन चौकोन: मुक्त करा, नकार द्या.

मी ते आबांना वाचून दाखवलं. तेवढ्यात गोलीचाच फोन आला. "आबा, मी त्यांना नाय म्हणून सांगितलंय. त्यांनी परस्पर टाकला अर्ज. तुमी दाबू नका."

"नोकरी देतायत काय?"

तो म्हणाला, "संघात घेतलं तर कंपनीत लावतील म्हणतायत. कायम. पन जाऊ द्या ना आबा. आपला क्लब चाल्लाय."

आबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

मी डोकं चालवत होते. त्याला सोडलं तर सतरा उरतात आणि अर्ज जात नाही. अठरावा नवा घालायचा तर पडताळणीलाच आठ दिवस. पण एक वाट होती, अगदी नियमातली. मी म्हणाले, "आबा, या मागणीला उत्तर द्यायला सात दिवस आहेत. आज आपला अर्ज पाठवू. त्याला उद्या सोडू."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांची यादी कधी बंद होते?"

ते त्यांनी विचारू नये असं मला मनापासून वाटत होतं. "आजच," मी म्हणाले. "पाचलाच. स्पर्धा तीच आहे."

ते उठले आणि खाचराकडे गेले. आमचं मैदान तेव्हा अर्धं कापलेलं होतं, अर्धं उभं. काकू आणि तात्यांची माणसं कापत होती. आबा बांधावर उभे राहिले. मी पडवीतून बघत होते आणि घड्याळही बघत होते. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. मला त्यांचा राग येत होता. एका माणसाने वर्षानुवर्षं भाडेकरू बदलावेत, बांध पाडावेत, भावापुढे जाऊन बसावं, म्हातारपणी शंकूंमधून धावावं, आणि शेवटी सगळं एका चौकोनावर येऊन अडावं, हे मला न्यायाचं वाटत नव्हतं.

ते परत आले. पायाला चिखल तसाच.

"सोड त्याला."

"आबा, क्लबचं काय?"

"क्लबला विचारलं. क्लब नको म्हणतोय." ते माझ्या शेजारी बसले. "पन मी सांगतोय. दाब."

त्यांच्या तोंडून 'मी' ऐकण्याची मला सवय नव्हती. मी 'मुक्त करा' दाबलं. पोर्टलने विचारलं, नक्की? पुन्हा दाबलं. गोलीच्या नावापुढची हिरवी खूण गेली आणि नाव आमच्या यादीतून नाहीसं झालं. मी रडले. लाज वाटायचं वय नव्हतं आणि कारणही नव्हतं. आबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तुझी रजा फुकट गेली गो बाय."

पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. पाचला पोर्टलने अर्ज बंद झाल्याचं सांगितलं. काकू खाचरातून आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या इस्त्रीच्या शर्टाकडे. विळा भिंतीला लावला, आत गेल्या. थोड्या वेळाने स्वतः कप घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या हातात देत म्हणाल्या, "घ्या. क्लबला चहा ठेवला होता."

आबांनी कप घेतला. काकू पुन्हा आत गेल्या नाहीत, तिथेच त्यांच्या पायाशी पायरीवर बसल्या.

पुढच्या वर्षी कलमातच अठरा खेळाडूंचे वीस झाले, ते वेगळं. मी बदलून जाईपर्यंत तरी आमच्या क्लबचं नाव त्या यादीत लागलं नाही. आता खोलीत कोण राहतं मला ठाऊक नाही. काकूंचा फोन येतो तेव्हा त्या पाण्याचं, भाताचं सांगतात, आणि कलमाचं विचारलं की "हाय की चालू" म्हणतात.

पण त्या कापणीनंतरच्या जानेवारीतला एक रविवार मला सांगायचाय. गोलीच्या संघाचा स्पर्धेतला सामना होता, दुपारचा, आणि तो इंटरनेटवर थेट दाखवणार होते. मी लॅपटॉप पडवीच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवला. बुद्धवाडीतले भाऊ आले, वडापाववाला गाडी बंद ठेवून आला, तात्या आले. आबा सगळ्यांत पुढे, पडद्याला नाक लागेल एवढे जवळ.

आमचा गोली खेळत नव्हता. राखीव होता. सुरुवातीला खेळाडू रांगेने आले तेव्हा कडेला बाकावर बसलेला दिसला, अंगात पोपटी जाकीट. मग खेळ सुरू झाला आणि बाक पडद्याबाहेर गेलं. बाकीचे ओरडत होते, शिव्या घालत होते, तात्या कोपऱ्याचा झेंडा नीट रोवलेला नाही म्हणून कुरकुरत होते. गोल झाले तसे सगळे उठले, बसले. आबा जागचे हलले नाहीत. बाक जिथे होतं त्या डाव्या कडेवर नजर लावून ते बसले होते. अख्ख्या सामन्यात कॅमेरा दोनदा तिकडे फिरला, तेही डोळ्याचं पातं लवावं एवढाच. दोन्ही वेळा आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

त्याला शेवटपर्यंत उतरवलं नाही.

सामना संपून तासाभराने त्याचा फोन आला. आबांना एका कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे मी स्पीकर लावला. मागे गाडीचा आवाज, पोरांचा आरडाओरडा.

"आबा, खेळवलाच नाय मला." आवाज अगदी बसलेला. "तुमच्या क्लबचं वर्ष खाल्लं मी, आनि नुसता बसून आलो. सगळं फुकट घालवलं तुमचं."

"कोण जिंकला रे?" आबांनी विचारलं.

तो गोंधळला. "आमीच. दोन-एक. म्हणजे... तुमी मॅच लावली नव्हती काय?"

"लावली होती ना. पन मॅच कोण बघतोय?" आबा म्हणाले. "मी तुला बघत होतो."